हुसर्ल-वाचनवर्ग, धरमपेठ: आठ रविवारांनंतर

नागपूरच्या धरमपेठेतील एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात आठ रविवार चाललेला हा वर्ग मी एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. शुल्क १,२०० रुपये, वेळ सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, आणि प्रश्न एकच: तर्कशास्त्र ज्याला विधान म्हणते, ते माणसाच्या जगण्यातल्या अनुभवातून कसे उगवते? पदवीला तर्कशास्त्राच्या नावाखाली ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ एवढेच घोकलेल्या माझ्यासारख्याला, त्या ‘आहेत’च्या मागे काही घडत असेल, अशी शंकाही कधी आली नव्हती.

वाचनासाठी जर्मन तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांचा ‘अनुभव आणि विधान’ हा ग्रंथ होता. हुसर्ल १९३८ साली वारले. त्यांच्या हस्तलिखितांवरून सहायक लुडविग लांडग्रेब यांनी सिद्ध केलेला हा ग्रंथ १९३९ साली प्रागमध्ये छापला गेला. वर्गात त्याच्या १९७३ च्या इंग्रजी भाषांतरातील निवडक पाने वाचली गेली, चर्चा मात्र मराठीत झाली.

तिसरा रविवार सर्वांत चांगला झाला. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी टेबलावर आंबिया बहाराचे एक संत्रे ठेवले आणि कुणीही वाक्य न बोलता ते हाताळायला सांगितले. साल सैल, देठाजवळ किंचित खळगा. हातात घेताच आतल्या रसाळ फोडी जणू ठरलेल्याच. दिसणाऱ्या बाजूसोबत न दिसणाऱ्या बाजूचीही अपेक्षा येते, तिला हुसर्ल क्षितिज म्हणतात. संत्रे सोलले, तर फोडी भेंडासारख्या कोरड्या निघाल्या. सगळ्यांचे चेहरे पडले, पण तोवर ‘हे रसाळ नाही’ असे वाक्य कुणीच उच्चारले नव्हते. ग्रंथात हेच उदाहरण एका चेंडूचे आहे: समोरून लाल आणि गोल दिसणारा चेंडू मागून हिरवा आणि चेपलेला निघतो. नकार हा आधी अपेक्षेला बसलेला धक्का असतो आणि ‘नाही’ हा शब्द त्याच्या मागून येतो, हे त्या वीस मिनिटांत जितके पटले तितके नुसत्या वाचनाने पटले नसते.

त्यानंतर उद्देश्य आणि विधेय यांचे विवरणही नेटके झाले. नजर आधी संत्र्यावर ठरते, मग खळग्यावर जाते, पण संत्रे सुटत नाही, ते मुठीत धरल्यासारखे राहते. पुन्हा संत्र्याकडे वळलो की ते खळग्यासह समृद्ध झालेले असते. हा प्रवास जाणीवपूर्वक पुन्हा केला, की ‘संत्र्याला खळगा आहे’ हे विधान तयार होते. संशयासाठी हुसर्ल दुकानाच्या काचेमागे उभी असलेली, माणूस की पुतळा हे न कळणारी आकृती घेतात. त्यावर सीताबर्डीत एका पुतळ्यालाच ‘भाऊ, ट्रायल रूम कुठं आहे?’ असे विचारल्याची कबुली एका सहाध्यायाने दिली आणि विषय आपोआप स्पष्ट झाला.

तक्रार चौथ्या रविवारची आहे. संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एका काकांनी न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेतील अभावाचा, म्हणजे एखादी गोष्ट नसण्याचा, प्रश्न काढला: ‘भूतलावर घट नाही’ (जमिनीवर घडा नाही) हे ज्ञान कसे होते? मॅडमनी ‘हुसर्लही तेच म्हणतात’ एवढे बोलून पान उलटले. ते तेच नाही. न्याय-वैशेषिकांच्या मते अभाव हा स्वतंत्र पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचा वेगळा प्रकार, आहे आणि इंद्रियांनी त्याचे प्रत्यक्ष, म्हणजे थेट ज्ञान, होते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या भाट्ट मीमांसकांना हे इंद्रियांनी होणारे ज्ञान मान्य नाही, म्हणून ते अनुपलब्धी (वस्तू न आढळणे) हे वेगळे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानतात. हुसर्लांचा शोध जगात अभाव आहे की नाही याचा नाही, अपेक्षा कशी मोडते याचा आहे. घट आठवल्याशिवाय घटाचा अभाव कळत नाही, या नैयायिकांच्या अटीपासून दोन्ही विचारांची खरी तुलना सुरू करता आली असती. इतका हाताशी आलेला धागा सोडावा, याचे वाईट वाटले.

शेवटचे दोन रविवार घाईचे झाले. एक संत्रे पाहून ‘संत्री’ हा प्रकार कसा घडतो, सारखे सारख्याची आठवण कशी करून देते आणि त्यातून ‘सर्व’पर्यंत कसे पोचायचे, हा ग्रंथाचा तिसरा भाग. तो जेमतेम दीड तासात उरकला, आणि मी पाठ केलेले ‘सर्व’ जिथल्या तिथेच राहिले.

झेरॉक्स फिकट होती आणि तळटिपा वाचता येत नव्हत्या. चहा मात्र दर वेळी गरम मिळाला. तत्त्वज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्यांनीही नाव घालायला हरकत नाही, फक्त पहिले दोन रविवार इंग्रजी वाक्यांशी झुंजण्याची तयारी ठेवावी. पुढचा वर्ग एप्रिलमध्ये असून तो दुपारी तीनला ठेवला आहे. वरच्या मजल्यावर कूलर एकच आहे, तेव्हा वेळ बदलून मागावी.