‘आयसोलेटेड’ पॉवर सप्लायच्या नावाखाली झालेली फसवणूक

गिटारचे पेडलबोर्ड (आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडले एका फळीवर जोडलेला संच) बांधून देतो, आवाजातली घरघर कायमची घालवतो, असे सांगत उत्तर गोव्याच्या किनारी भागात एक गृहस्थ काम घेत आहेत. हॉटेलांत, लग्नांत आणि ऑर्केस्ट्रांत वाजवणाऱ्या तरुण मुलांना ते विशेष करून गाठतात. माझ्याकडून त्यांनी २६,५०० रुपये घेतले. पैसे गेले याचे दुःख आहेच, पण त्यांच्या कामातील एक भाग जिवावर बेतण्यासारखा आहे आणि त्यांनी बांधलेले बोर्ड आज अनेक मुले पायाखाली घेऊन वाजवत असतील, म्हणून हे सगळे तपशिलाने लिहीत आहे.

मी फोंडा तालुक्यात राहतो. चवथीच्या दिवसांत, जत्रांत आणि लग्नसराईत आमचा ऑर्केस्ट्रा वाजतो आणि त्यात मी गिटार वाजवतो. बोर्डवर ट्यूनर, आवाज खरखरीत करणारे फझ आणि ओव्हरड्राइव्ह, आवाज दाट करणारा कोरस, पडसाद देणारा डिजिटल डिले आणि घुमारा देणारा रिव्हर्ब अशी पेडले आहेत. फझ सोडून बाकी सगळी एकाच ॲडॉप्टरवर, एकातून एक फुटणाऱ्या वायरने चालत असत, आणि फझ आपल्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर. तक्रार अशी होती की ओव्हरड्राइव्ह चालू केला की डासाच्या गुणगुणीसारखी एक बारीक शिट्टी ऐकू यायची आणि तिच्याखाली विजेची जाड घरघर असायची.

या दुखण्याचे कारण त्या गृहस्थांनी अगदी बरोबर सांगितले, आणि त्यांच्यावर विश्वास बसतो तो इथेच. डिजिटल पेडलच्या आत जे घड्याळ-सर्किट सतत धावत असते त्याचा गोंगाट सामाईक वायरींमधून इतर पेडलांत शिरतो, आणि ओव्हरड्राइव्ह मुळात बारीक आवाज मोठा करण्यासाठीच असल्यामुळे तो गोंगाटही मोठा करून पुढे पाठवतो. त्यावरचा खरा उपाय म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय. त्यात प्रत्येक आउटपुटसाठी ट्रान्सफॉर्मरचे वेगळे वेटोळे किंवा वेगळा कन्व्हर्टर असतो, त्यामुळे एका आउटपुटच्या ऋण टोकाचा दुसऱ्या आउटपुटच्या ऋण टोकाशी सप्लायच्या आत काहीही संबंध उरत नाही. निदान खरे, उपायही खरा. खोटी होती ती वस्तू. अर्धे सत्य जाणणारा फसवणारा हा काहीच न जाणणाऱ्यापेक्षा कितीतरी घातक असतो, असे माझे मत झाले आहे.

त्यांनी दिलेला सप्लाय काळ्या पत्र्याचा, हाताला चांगला जड लागणारा होता. वर आठ आउटपुट, प्रत्येकाखाली ‘९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर’ अशी छपाई आणि मधोमध ‘आयसोलेटेड’ हा शब्द. त्याचे १४,००० रुपये, पॅच केबलींचे (पेडले एकमेकांना जोडणाऱ्या आखूड वायरींचे) ४,५००, वायरिंग आणि मांडणीचे ५,००० आणि फझला ॲडॉप्टरचे सॉकेट बसवण्याचे ३,००० अशी आकारणी होती. पेडले त्यांच्याकडे ठेवून घेतली गेली आणि काम झाल्यावर त्यांच्याच खोलीत, लहान आवाजात, ओव्हरड्राइव्हचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) जवळजवळ शून्यावर ठेवून मला बोर्ड ऐकवला गेला. त्या परिस्थितीत कोणताही बोर्ड शांतच वाटतो. पुढे मांडवात पूर्ण आवाजावर वाजवताच शिट्टी जशीच्या तशी परतली. त्यावर त्यांचे उत्तर असे की आता ७,००० रुपयांचा नॉइज गेट घ्यावा लागेल. नॉइज गेट आवाजाचे मूळ कारण दूर करत नाही, तो फक्त वादन थांबले की दार लावून घेतो. वाजवताना शिट्टी त्याच्यातूनही येतच राहते.

फझचा प्रकार याहून वाईट आहे. हा फझ माझ्या मामांचा. ते बोटीवर कामाला होते आणि तिकडूनच त्यांनी तो आणला. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने बाजारात आणलेल्या फझ फेस या पेडलच्या सर्किटवर तो बेतलेला आहे: दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, मोजकेच सुटे भाग आणि पॉझिटिव्ह ग्राउंड. पॉझिटिव्ह ग्राउंड म्हणजे बहुतेक पेडलांत बॅटरीचे ऋण टोक सर्किटच्या ग्राउंडला, म्हणजे सामाईक टोकाला, जोडलेले असते, तर यात धन टोक जोडलेले असते. असे पेडल इतरांबरोबर एकाच सामाईक सप्लायवर लावले तर पॅच केबलच्या बाहेरच्या जाळीतून धन आणि ऋण टोके थेट एकमेकांना भिडतात, शॉर्ट होतो आणि सप्लाय बंद पडतो. खऱ्या आयसोलेटेड सप्लायवर असे होण्याचे कारण नाही, कारण तिथे प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असतो.

त्या गृहस्थांनी मामांच्या फझच्या जुन्या कवचाला ड्रिलने भोक पाडले, सॉकेट बसवले आणि नव्या सप्लायला जोडले. माझ्या समोरच सगळा बोर्ड क्षणात विझला. एकाही पेडलचा दिवा लागेना. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाब, हा मेला. जर्मेनियमला गोव्याचा उकाडा सोसत नाही. भंगारात टाकण्यापेक्षा मला द्या, २,००० देतो.” उकाड्याने जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा आवाज बदलतो हे खरे आहे, मे महिन्यात मांडवातल्या दिव्यांखाली फझ कोंडल्यासारखा वाजतो आणि थंड झाला की पूर्ववत होतो. पण उकाड्याने बदलणे वेगळे आणि सगळा बोर्ड विझवणे वेगळे. मामांची वस्तू विकायची नव्हती, म्हणून मी ती घरी आणली. नवी बॅटरी घातली, गिटार थेट फझमध्ये आणि फझ थेट ॲम्पमध्ये (ॲम्प्लिफायरमध्ये) जोडला, आणि तो ठणठणीत वाजला. म्हणजे बोर्ड विझला तो फझ बिघडल्यामुळे नव्हे, सप्लाय आयसोलेटेड नसल्यामुळे. ज्याला पॉझिटिव्ह ग्राउंड असलेल्या पेडलला सॉकेट बसवता येते त्याला ही गोष्ट ठाऊक नसणे शक्य नाही. जुन्या जर्मेनियम फझला आज जाणकारांकडून चांगली किंमत येते, हेही त्याला ठाऊक असणारच.

बॅटरीवर चालवल्यावरही बोर्डवर फझ पातळ आणि किरकिरा वाजत होता, त्याचे कारण मांडणीत सापडले. त्यांनी फझच्या आधी ट्यूनर लावला होता. माझ्या ट्यूनरमध्ये बफर आहे, म्हणजे तो बंद असतानाही सिग्नल त्याच्या सर्किटमधून जाऊनच पुढे सरकतो. या जातीच्या फझला गिटारचा पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) थेट समोर लागतो. मध्ये बफर आला की त्याचा भरदारपणा जातो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याची त्याची खुबीही नाहीशी होते. फझ पहिला, मग ट्यूनर, मग ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले आणि शेवटी रिव्हर्ब, एवढी अदलाबदल करताच मामांच्या फझचा ओळखीचा आवाज परत आला. ‘मेलेला’ फझ बोर्डवर वाईटच वाजावा, म्हणून ही मांडणी मुद्दाम केली होती असे मला वाटते, पण ते सिद्ध करता येणार नाही.

सप्लायची परीक्षा मात्र निर्विवाद आहे आणि काहीशे रुपयांत मिळणाऱ्या मल्टिमीटरने कोणालाही करता येते. सप्लाय विजेपासून सोडवावा, सगळी पेडले काढावीत, मीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजणाऱ्या खुणेवर) ठेवून एक टोक एका आउटपुटच्या मधल्या पिनला आणि दुसरे टोक दुसऱ्या आउटपुटच्या मधल्या पिनला लावावे. मीटर वाजला तर दोन्ही ऋण टोके आतून जोडलेली आहेत आणि सप्लाय आयसोलेटेड नाही. माझ्याकडच्या सप्लायचे आठही आउटपुट एकमेकांशी वाजले. दुसरी खूण तर साध्या गणिताची आहे. आठ आउटपुट, प्रत्येकी ९ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण ३६ वॅट. सोबत दिलेल्या ॲडॉप्टरवर त्यांचे स्वतःचे स्टिकर होते. ते नखाने सोलल्यावर खाली ‘९ व्होल्ट, १ अँपिअर’ असे छापलेले निघाले. म्हणजे आत जाणार ९ वॅट आणि बाहेर मिळणार ३६ वॅट, हे कोणत्याही यंत्राला शक्य नाही.

मग फोंड्यातल्या एका रेडिओ मेकॅनिककडे बसून डबा उघडला. ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ अशी चिठ्ठी नेमकी एका स्क्रूवर चिकटवलेली होती. आत ना ट्रान्सफॉर्मर, ना कन्व्हर्टर. एक लाल वायर आणि एक काळी वायर आठही सॉकेटांवरून ओळीने ओवत नेली होती, आणि तळाला ग्लू गनच्या गोंदाने बोटभर जाडीची लोखंडी पट्टी चिकटवली होती. डबा जड लागत होता तो या पट्टीमुळे. तिचे दुसरे काहीही काम नव्हते. खर्च वाचवायला कोणी अशी पट्टी बसवत नाही. ती घेणाऱ्याच्या हाताला फसवण्यासाठीच बसवली होती.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. त्यांच्या खोलीत घरघर थांबली होती, कारण माझ्या ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची जाड पिन त्यांनी कापून टाकली होती. अर्थ तोडला की ग्राउंड लूपमुळे (उपकरणे एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्यामुळे) येणारी घरघर पुष्कळदा थांबते हे खरे, पण त्याबरोबर वाजवणाऱ्याचे संरक्षणही संपते. ॲम्पमध्ये काही बिघाड होऊन त्याच्या चॅसिसवर (धातूच्या सांगाड्यावर) वीज आली तर ती केबलच्या जाळीतून गिटारच्या तारांपर्यंत पोहोचते, आणि हात तारांवर असताना ओठ माइकला लागले की ती शरीरातून वाट काढते. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे हा नीट अर्थ नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. आपल्याकडे चवथीच्या पावसात ओल्या मांडवात, जनरेटरवर आणि कुठून कुठून ओढलेल्या तात्पुरत्या वायरींवर कार्यक्रम होतात. अशा ठिकाणी अर्थची पिन कापून देणे हा मी निव्वळ लबाडीचा भाग मानत नाही. तो गुन्हा आहे. या गृहस्थांकडून किंवा इतर कोणाकडूनही बोर्ड बांधून घेतलेल्यांनी आजच आपल्या ॲम्पचा प्लग काढून पाहावा आणि पिन नसेल तर नवा प्लग बसवल्याशिवाय ॲम्प लावू नये.

पॅच केबलींबद्दल थोडक्यात: नामांकित कंपनीच्या म्हणून दिलेल्या केबलींवर नाव होते ते वर चढवलेल्या प्लास्टिकच्या नळीवर, आणि आतल्या सांध्यांपैकी दोन हलक्या ओढीने निखळले.

फोन केल्यावर प्रथम “बाब, उद्या बघतो” आणि नंतर काहीच नाही. त्यांनी बिल दिले नव्हते, पण प्रत्येक रक्कम यूपीआयने दिली होती आणि ‘आयसोलेटेड, आठ आउटपुट, १४,०००’ हा त्यांचा संदेश व्हॉट्सॲपवर शाबूत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार असल्या सदोष वस्तूबद्दल आणि सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिला शुल्क पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. ज्यांच्याकडे अशाच प्रकारचा डबा असेल त्यांनी तो फेकून देऊ नये. मीटर लावतानाचे चित्रीकरण करावे, उघडायचा झाल्यास साक्षीदारासमोर उघडून आतले फोटो काढावेत आणि व्यवहाराचे संदेश जपून ठेवावेत.

आयोगाकडच्या माझ्या तक्रारीत मी २६,५०० रुपये परत मागितले आहेत, आणि मामांच्या फझच्या कवचाला पाडलेल्या भोकाची भरपाई वेगळी मागितली आहे. कापलेल्या पिनचा प्लग पुराव्यासाठी पाकिटात घालून ठेवला आहे.