ट्वायलाइट इम्पेरियम चौथी एडिशन : लढाई कमी, भानगडी जास्त

आधीच सांगून ठेवतो, अख्खा दिवस मोकळी असलेली पाच-सहा माणसं हाताशी नसतील तर हा बोर्ड गेम घेऊच नका, नुसता धूळ खात पडेल. खेळायला 4 ते 8 तास लागतात म्हणतात, आम्हाला नवीन लोकांबरोबर नऊ लागले आणि त्यातला एक तास नुसता नियम समजावण्यात गेला.

पहिली एडिशन 1997 ची, ही चौथी 2017 ची, फँटसी फ्लाइट गेम्सची. बॉक्स उघडला की प्लॅस्टिकच्या जहाजांचा ढीग दिसतो, त्यामुळे कुणालाही वाटेल की हा मारामारीचा गेम आहे. मलापण तेच वाटलेलं. पहिल्या डावात गुपचूप भलंमोठं आरमार बांधत बसलो आणि खालून दुसरा आलो, कारण जिंकायला लागतात 10 पॉइंट आणि ते नुसती जहाजं फोडून मिळत नाहीत. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कार्डांवर दिलेली उद्दिष्टं, पूर्ण करावी लागतात, आणि त्यासाठी कधी ना कधी शेजाऱ्याच्या हातापाया पडावं लागतंच.

कथा अशी की मेकाटोल रेक्स नावाच्या ग्रहावरून लाझाक्स लोक सगळ्या आकाशगंगेवर राज्य करायचे, ते साम्राज्य कोसळलं, आणि आता 17 वेगवेगळे समाज त्या रिकाम्या गादीवर डोळा ठेवून बसलेत. लिझिक्स म्हणजे त्याच लाझाक्सचे वंशज, अर्धे यंत्र होऊन परत आलेले, आमचं होतं ते आम्हाला द्या म्हणणारे. विन्नू तिथले राखणदार, त्यांचं म्हणणं एवढी वर्षं जागा आम्ही सांभाळली. आता यात बरोबर कोण, यावर आमच्याकडे गेम सुरू व्हायच्या आधीच वाद झाला होता.

पण मला खरी आवडलेली गोष्ट ही की हे स्वभाव नुसते कार्डामागे लिहून सोडलेले नाहीत, नियमांतच घातलेत. जोल-नार हे विद्वान मासे, सुरुवातीलाच चार टेक्नॉलॉजी घेऊन येतात पण लढाईत प्रत्येक फाशातून एक वजा. सार्डाक नोर याच्या बरोब्बर उलटे, त्यांना एक जास्त. नेक्रो व्हायरसला तर परिषदेत, म्हणजे ठरावांवर मतदान होतं तिथे, मतच नाही, तो फक्त निकाल काय लागेल याचा अंदाज बांधतो आणि तो बरोबर आला तर त्या बाजूने मत देणाऱ्या एकाची टेक्नॉलॉजी ढापतो. टेबलावर त्याच्याशी कुणी नीट बोलत नाही, आणि हे कुणी शिकवावं लागत नाही.

मागच्या डावात मी हाकान होतो, सिंहांसारखे दिसणारे व्यापारी. त्यांच्याकडे माल भरपूर, एका वेळी 6 कमोडिटी, पण गंमत अशी की स्वतःचा माल स्वतःच्या हातात कवडीमोल, दुसऱ्याला दिला तरच त्याचं चलन होतं. म्हणजे सगळ्यात श्रीमंत समाजच सगळ्यात जास्त दुसऱ्यांवर अवलंबून! आणि माझ्या शेजारी बसले मेंटॅक. हे कैद्यांच्या वसाहतीतून आलेले चाचे, त्यांचा नियम असा की शेजाऱ्याने व्यवहार केला किंवा चलन कमावलं आणि त्याच्याकडे 3 किंवा जास्त चलन असेल तर त्यातलं एक उचलायचं. मग काय, मी दोनच्या वर शिल्लकच ठेवेना, येईल ते लगेच उडवून टाकायचो, तर मेंटॅकवाला हसत म्हणतो, अरे आम्ही काय लुटारू आहोत का, संरक्षणाचा हप्ता समज. चौथ्या राउंडपर्यंत मी खरंच त्याला आपणहून एक-एक द्यायला लागलो होतो, निदान पुढची जहाजं तरी दुसऱ्या सीमेवर वळवेल म्हणून.

मेकाटोलवर पहिला जो पोचेल त्याला 6 इन्फ्लुअन्स (ताब्यातल्या ग्रहांचं राजकीय वजन) खर्चून तिथलं कस्टोडियन्स टोकन काढावं लागतं, त्याचा एक पॉइंट मिळतो, आणि तिथून पुढे दर राउंडला परिषद भरते. हा खरा गेम. दोन ठराव येतात, ग्रहांचा इन्फ्लुअन्स हीच मतं, आणि स्पीकर, म्हणजे त्या वेळी परिषदेचा अध्यक्ष असलेला खेळाडू, सगळ्यात शेवटी मत देतो. आमच्या डावात म्युटिनी नावाचा ठराव आला, पास झाला तर बाजूने मत देणाऱ्या प्रत्येकाला एक पॉइंट, पडला तर त्याच लोकांचा एक कापायचा. मी स्पीकरला दोन चलन मोजून दिले, तो म्हणाला हो रे, बाजूनेच देतो, मी निवांत, आणि याने शेवटच्या क्षणी सगळे ग्रह विरोधात टाकले. मी 7 वरून 6 वर. आणि नियमात हे बसतं! जागेवर पूर्ण होणारा सौदाच बंधनकारक, पुढच्या गोष्टीचं वचन नुसतं तोंडी.

खटकलेलं म्हणजे सपोर्ट फॉर द थ्रोन हे कार्ड. दोघांनी एकमेकांना दिलं की दोघांना एक-एक पॉइंट, आणि मग ज्याने कार्ड दिलं त्याचे युनिट (जहाजं, सैन्य) असलेल्या सिस्टीमवर, म्हणजे नकाशातल्या घरावर, चाल केली तर तो पॉइंट जातो, त्यामुळे ती सीमा जवळपास गोठतेच. दोन जोड्या अशा जमल्या की टेबलावरचा ताणच संपतो. आम्ही आता शेजाऱ्याशी अदलाबदल बंद केलीय, घरचा नियम. शिवाय स्वतःची पाळी यायला वेळ लागतो, आणि तिघांत खेळलात तर परिषदेला काही अर्थ उरत नाही.

2020 चं प्रोफेसी ऑफ किंग्ज एक्सपान्शन (मूळ गेमला जोडायचा संच) लगेच घ्यायची घाई नको, त्यात आणखी 7 फॅक्शन, म्हणजे समाज, आहेत आणि आठ जण खेळू शकतात, पण आधी मूळचे 17 पचवा. नवख्याला सोल द्या, साधी माणसं आहेत, चाली करायला लागणारी टोकन जास्त मिळतात. नेक्रो चुकूनही देऊ नका.

तो स्पीकर अजूनही म्हणतो, दोन चलन तू मताचे दिलेस हे मला कळलंच नाही, मला वाटलं भेट आहे.