पुतणीसाठी घेतलेली प्ले थेरपी : एप्रिल ते डिसेंबरचा अनुभव

माझा थोरला भाऊ जानेवारीत गेला. वय 39, पहाटे हार्ट अटॅक आला आणि बाथरूममध्येच कोसळला. त्याला सगळ्यात आधी पाहिलं ते त्याच्या मुलीनं. ती सात वर्षांची, दुसरीत. एप्रिलपासून आम्ही तिला प्ले थेरपीसाठी, म्हणजे खेळातून होणाऱ्या उपचारासाठी, शनिवारी सिन्नरहून नाशिकला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसोपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ) मॅडमकडे नेतोय. काय करतात, किती खर्च येतो, फरक पडतो का, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. क्लिनिकची जाहिरात करायची नाही, त्यामुळे नाव देत नाही.

दिवसकार्यात ती चुलत भावंडांबरोबर कॅरम खेळत होती, हसत होती. पाहुणे म्हणाले, बरं झालं, लेकरू विसरलं. मॅडमनी नंतर सांगितलं की या वयातली मुलं दुःख तुकड्यातुकड्यानं करतात. पाच मिनिटं रडतील, मग खेळायला पळतील, त्यावरून काही ठरवू नका. खरी लक्षणं महिन्याभरानंतर ठळक झाली. वहिनीला बाथरूमचं दार लावू देईना. रोज शाळेच्या वेळेला पोटात दुखायचं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. आणि रात्री उठून वहिनीच्या नाकासमोर बोटं धरायची, श्वास लागतोय का बघायला. हे मी स्वतः पाहिलंय. अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, चिकटून राहणं साहजिकच असतं. महिना उलटूनही ते ओसरत नसेल किंवा वाढतच असेल, तर वाट बघत थांबायचं नाही.

त्याआधी आम्ही आणखी एका ठिकाणी गेलो होतो. बाहेर ‘बाल समुपदेशन’ अशी मोठी पाटी. बाईंनी वीस मिनिटांत तिला समोर बसवून विचारलं, बाबांना कुठे बघितलंस, कसे पडले होते? पोरगी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. आपल्याकडे समुपदेशकाची पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला मात्र आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तो नंबर विचारा. विचारल्यावर जे चिडतात, तिथून उठून या.

आताच्या ठिकाणी पहिली भेट मुलीशिवाय झाली. वहिनी, मी आणि आई. ती कोणाजवळ झोपते, तिला नेमकं काय सांगितलंय, स्मशानात नेलं होतं का, घरात भावाचा विषय निघतो का, असं तासभर चाललं. आईनं तिला ‘बाबा देवाघरी झोपलेत’ असं सांगितलं होतं, आणि पोरगी झोपायला घाबरत होती. मॅडम आईवर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, आजी, आता आपण तिला सरळ सांगू: बाबांचं शरीर बंद पडलं, ते परत सुरू होत नाही, आणि त्यांना आता काही दुखत नाही. वहिनीनं घरी तसंच सांगितलं. त्याच आठवड्यात झोपेत थोडा फरक दिसला. माझ्या मते निम्मा उपचार हाच, आणि तो खोलीच्या बाहेर झाला.

आता सत्रांबद्दल. पाऊण तासाचं सत्र, फी 1200 रुपये. एका कोपऱ्यात लाकडी ट्रेमध्ये वाळू. ट्रे आतून निळा, वाळू बाजूला सारली की पाणी असल्यासारखं दिसतं. मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या डॉक्टरनं 1920 च्या दशकात लंडनमध्ये मुलांना वाळू आणि छोटी खेळणी देऊन हे काम सुरू केलं होतं. शेल्फवर माणसं, जनावरं, घरं, पोलिसाची गाडी, ॲम्ब्युलन्स. मुलानं काय उचलायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. सुरुवातीच्या एका सत्राला मी आत बसलो होतो. तिनं ॲम्ब्युलन्स वाळूत पुरली. मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘तू ती पूर्ण झाकलीस.’ ‘छान’ नाही, ‘का’ नाही, काही नाही. पोरीनं वर बघितलं, ॲम्ब्युलन्स काढली आणि परत पुरली. असं किती आठवडे चाललं! आई घरी म्हणायची, पैसे देऊन वाळूत खेळायला कशाला न्यायचं, गोदाकाठी फुकट आहे की. मलाही जून उजाडेपर्यंत पटलं नव्हतं. मग हळूहळू तिचा ॲम्ब्युलन्समधला रस गेला आणि ट्रेमध्ये भाजीबाजार भरायला लागला.

त्यानंतरचा भाग जास्त आखीव होता. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी म्हणतात त्याला, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्याभोवतीचे विचार आणि वागणं यांवर काम करणारा उपचार. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर या तिघांनी अमेरिकेत विकसित केलेली पद्धत. साधारण 12 ते 16 सत्रं धरतात, मृत्यूचा धक्का असेल तर जास्त लागतात. आधी श्वासाचे व्यायाम, मग भावनांना नावं द्यायची, आणि तयारी झाल्यावरच त्या दिवसाची गोष्ट. वहिनीशी बोलायचा वेळ वेगळा. पुतणीनं ती पहाट चौकोन आखून चित्रांत काढली. एका चौकोनात टीव्ही होता. का, तर आदल्या रात्री भाऊ ‘छातीत जळजळतंय, आवाज कमी कर’ म्हणाला होता आणि तिनं केला नव्हता. आपल्यामुळे बाबा गेले, हे पोरगी तेव्हापासून पोटात घेऊन फिरत होती आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता. मॅडमनी हृदयाचं चित्र काढून रक्तवाहिनीत गुठळी कशी अडकते ते दाखवलं. टीव्हीच्या आवाजानं गुठळी होते का, हा प्रश्न तिनं दोन-तीन शनिवार पुन्हा पुन्हा विचारला. दर वेळी तेच उत्तर, तितक्याच शांतपणे. मला तरी ते जमलं नसतं.

पितृपक्षात काय करायचं यावर घरात वाद झाला. मॅडमचं मत, काय काय होणार ते आधी सांगा आणि यायचं का ते तिलाच विचारा. ती आली. पानावर बाबांच्या आवडीची मिरचीची भजी हवीच म्हणून हट्ट धरला. गुरुजी काही बोलायच्या आत वहिनीनं वाढली. आई अजूनही दर शनिवारी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढते. मॅडम म्हणाल्या, काढू द्या, आजी जवळ घेते हे तिला आवडतंय.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. आत काय झालं ते फारसं सांगत नाहीत. नियम बरोबरच आहे, पण बाहेर बाकावर बसलेल्या मुलीच्या आईची घालमेल त्यांना दिसत नाही असं वाटतं. पावसात रस्ता तुंबला म्हणून दोन सत्रं ऑनलाइन घेतली, ती वायाच गेली. सात वर्षांचं मूल स्क्रीनसमोर वाळू कुठून आणणार? विम्याचं सांगायचं तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलंय. पण आमच्या पॉलिसीत ॲडमिट झाल्याशिवाय काही नाही, त्यामुळे सगळा खर्च खिशातून. शाळेत मात्र मॅडमनी स्वतः वर्गशिक्षिकेशी बोलून घेतलं. पोटात दुखलं की घरी पाठवायचं नाही, दहा मिनिटं ऑफिसात बसवून पुन्हा वर्गात. याचा फार उपयोग झाला.

आता अंथरूण कोरडं असतं, शाळा बुडत नाही. बाथरूमचं दार वहिनी लावते, कडी मात्र अजून नाही. सत्रं पंधरा दिवसांवर आलीत. जानेवारीत वर्षश्राद्ध आहे, तोपर्यंत बंद करायची नाहीत असं ठरलंय.

मृत्यू झालेल्या प्रत्येक घरातल्या मुलाला हे लागतंच असं नाही. खरं सांगणारी माणसं आणि रोजची शाळा-जेवण-झोप सांभाळली तर बरीच मुलं सावरतात. पण मुलानं स्वतः काही पाहिलं असेल, तर एकदा दाखवाच. फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. शनिवारचे स्लॉट सगळीकडेच आधी भरतात. आम्हाला जवळजवळ महिनाभर थांबावं लागलं होतं, तेव्हा नाव आजच नोंदवून ठेवा.