ग्रीज्ड लाइटनिंगचं मॉडेल, आठ महिन्यांनंतर: मोटरी दहा, डोकेदुखी दोन

ज्या विक्रेत्याकडून दहा ईएससींचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरांचा) संच घेतला, त्यांचा काल मेसेज आला: ‘खरेदीचा अनुभव कसा वाटला?’ आठ महिन्यांत मी त्यांना अकरा मेसेज पाठवले, त्यातल्या चारांना उत्तर आलं. आता स्वतःहून विचारतायत, तर सविस्तरच लिहितो.

ग्रीज्ड लाइटनिंग, म्हणजेच जीएल-१०, काय आहे हे इथे बहुतेकांना माहीत असेल. तरी नव्यांसाठी दोन ओळी. नासाच्या लँग्ली केंद्रातलं हे विमान. पंखांवर आठ आणि शेपटीवर दोन मोटरी. पंख आणि शेपटी दोन्ही ९० अंशांत वर वळतात, हेलिकॉप्टरसारखं उभं उचलायचं आणि मग पंख आडवे करून विमानासारखं पळायचं. ऑगस्ट २०१४ मध्ये दोरी बांधून पहिल्यांदा तरंगवलं आणि २०१५ च्या वसंतात पूर्ण रूपांतर, म्हणजे हवेतच उभ्याचं आडवं होणं, करून दाखवलं. मूळ कल्पना २० फुटी पंखांच्या डिझेल-इलेक्ट्रिक हायब्रिडची होती. उडालं ते १० फुटी, नुसत्या बॅटरीवर. म्हणजे ‘हायब्रिडचं मॉडेल करतोयस, पण यात हायब्रिड कुठंय?’ असं मला विचारणाऱ्यांनी तो प्रश्न आधी लँग्लीला विचारावा.

माझं मॉडेल बरोबर निम्म्या मापाचं, पंखांचा विस्तार दीड मीटर. मूळ विमान उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त २८ किलोचं. लांबी निम्मी केली की वजन आठव्या हिश्शावर यायला हवं, म्हणजे साडेतीन किलो. माझं झालं तीन किलो नऊशे. ते चारशे ग्रॅम कुठून आले हे मला पक्कं माहीत आहे: दहा मोटरींच्या तीस वायरी, त्यांची कनेक्टरं, आणि ‘असू दे, मजबूत राहील’ म्हणत ओतलेलं इपॉक्सी. सहा इंची फोल्डिंग प्रॉप (पाती मिटणारे प्रोपेलर), चार सेलची ५००० एमएएच लायपो बॅटरी, पंख फिरवायला १२ मिलिमीटरची कार्बन नळी आणि मेटल गिअरचा एक दांडगा सर्वो (हुकमाप्रमाणे ठराविक कोनात फिरणारी मोटर). विमान सावरणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरवर, अर्डुपायलट सॉफ्टवेअरचं क्वाडप्लेन, म्हणजे उभं उचलून आडवं उडणाऱ्या विमानांसाठीचा प्रकार. ट्यूनिंगबद्दल इथे काही लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता मुद्द्यावर येतो. या विमानाची सगळी गंमत पाती मिटण्यात आहे. तरंगताना दहाही मोटरी हव्यात. आडवं उडताना इतक्या जोराची गरजच नसते. म्हणून माझ्या मॉडेलमध्ये पंखांच्या टोकांच्या दोन मोटरी चालू राहतात, उरलेल्या आठ थांबतात आणि त्यांची पाती वाऱ्याने मागे मिटून नॅसेलला (मोटरच्या कवचाला) चिकटतात. हे नीट झालं तर काय फरक पडतो ते लॉगमध्ये दिसतं: तरंगताना ५८ अँपिअर, आडवं उडताना साडेअकरा. पहिल्या प्रकारात बॅटरी चार मिनिटांत संपते, दुसऱ्यात तीच वीस मिनिटं पुरते.

पण पाती मिटायला मोटर आधी पूर्ण थांबावी लागते. नुसता थ्रॉटल शून्य केला तर समोरून येणारा वारा प्रॉपला फिरवत राहतो आणि फिरण्याच्या जोराने पाती उघडीच राहतात. त्यासाठी ईएससीमध्ये ब्रेक असतो. तो मोटरच्या वायरी आतल्या आत जोडून टाकतो, मोटर जड होऊन थांबते, मग वारा पाती मागे ढकलतो. सेटिंगमधली एक ओळ. दहापैकी आठ ईएससींत ती होती. दोघांत नव्हती.

हे कळायला मला तीन आठवडे लागले, कारण संच एकच, खोका एकच, वर छापलेलं नाव एकच. दिसलं ते असं: आडवं उडताना विमान सारखं डावीकडे ओढ घेत होतं आणि करंट चौदाच्या खाली येत नव्हता. मी आधी सीजी, म्हणजे विमानाच्या वजनाचा मध्य, तपासला. मग डाव्या पंखाचा पीळ. मग दोन मोटरी बदलल्या, प्रॉप बदलले. शेवटी पुतण्या दुर्बीण घेऊन बसला आणि म्हणाला, ‘काका, डावीकडचे मधले दोन फिरतायत अजून.’ ते दोन ईएससी काढून उजवीकडे लावले, तर ओढ उजवीकडे गेली. चोर सापडला. कॉम्प्युटरला जोडून पाहिलं तर त्या दोघांची फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) जुन्या वळणाची, ब्रेकची ओळच नाही, आणि नवी फर्मवेअर त्या चिपवर चढत नाही.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: ‘सर, मल्टिरोटरला ब्रेकची गरज नसते.’ मी कळवलं, हे मल्टिरोटर, म्हणजे नेहमीचा ड्रोन, नाही. दुसरं उत्तर: ‘व्हिडिओ पाठवा.’ पाठवला. तिसरं: ‘पूर्ण संच परत करावा लागेल, पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा.’ दहाही ईएससी पंखाच्या आत, वर कव्हरिंग, वायरी सोल्डर केलेल्या. चौथं: ‘सोल्डर केलेल्या वस्तूवर वॉरंटी लागू नाही.’ सोल्डर न करता ईएससी वापरून दाखवणारा कुणी असेल तर मला त्याच्या पाया पडायचंय.

सुटे दोन नवे घ्यायला हवे होते, मान्य. पण दहाचा संच मी घेतलाच होता तो सुटे घेण्यापेक्षा स्वस्त पडतो म्हणून. आता वर आणखी दोन घेतले की ती बचत गेलीच, शिवाय आपणच आपल्याला वेड्यात काढलं असं होतं. त्यामुळे दीड महिना मी ते विमान एका बाजूला ओढ घेत, रडर ट्रिम करून, चौदा अँपिअरवर उडवलं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो मसाला मी बॅटरीतून घालत होतो.

विक्रेत्याशी झालेल्या भांडणाचा वरचा मजकूर खरं तर चौथ्या महिन्यात रागाच्या भरात लिहून ठेवला होता. पुढचा आताचा आहे, आणि माझं मत थोडं बदललंय.

एका संध्याकाळी बॅटऱ्या चार्ज होत असताना पुतण्याने सहज विचारलं, ‘काका, टोकाच्या दोन मोटरी थांबतच नाहीत ना? मग त्यांना ब्रेक कशाला?’ मी दोन मिनिटं काहीच बोललो नाही. विमानात दहा जागा, त्यातल्या दोन जागी ब्रेकची कधीच गरज नाही, आणि माझ्याकडे बिनब्रेकचे नेमके दोन ईएससी. दुसऱ्या दिवशी कव्हरिंग कापलं आणि ते दोघं पंखाच्या टोकांना पाठवले. करंट साडेअकरावर आला. एक पैसा खर्च नाही. भांडणाच्या नादात ही साधी अदलाबदल मला सुचली नव्हती. पुतण्याने त्यानंतर आठवडाभर माझ्याशी जरा वरच्या पट्टीत बोलून घेतलं.

तरीही शेपटीचा डावा प्रॉप अधूनमधून अर्धाच मिटायचा, आणि मी सवयीने विक्रेत्याच्या नावाने बोटं मोडायचो. कारण निघालं माझ्याच हातचं. पात्याच्या बिजागरीचा स्क्रू मी गच्च आवळला होता. पातं स्वतःच्या वजनाने लोंबकळलं पाहिजे, इतकाच स्क्रू घट्ट हवा. पंख उभे असताना मोटरी आभाळाकडे तोंड करतात, तेव्हा थांबलेली पाती खाली लोंबायला हवीत. एक जरी अडून राहिलं तरी मोटर सुरू होताना दोन पाती वेगवेगळ्या वेळी उघडतात आणि अख्खी शेपूट थरथरते. आता प्रत्येक उड्डाणाआधी मी दहाही प्रॉप बोटाने उचलून सोडतो. वीस पाती, अर्धं मिनिट. ते स्क्रू आवळल्याचं खापर मी चार महिने दुसऱ्यावर फोडत होतो, म्हणून विक्रेत्याबद्दल वर लिहिलेलं दहा टक्के कमी करून वाचावं. फक्त दहा.

बाकीचं भराभर सांगतो. दहा ईएससींपैकी प्रत्येकात आपापला बीईसी (मोठ्या बॅटरीतून रिसीव्हरला कमी व्होल्ट पुरवणारा भाग) असेल तर नऊच नव्हे, दहाही लाल वायरी रिसीव्हरच्या बाजूने तोडा आणि वेगळा एक बीईसी लावा. स्विचिंग बीईसी एकमेकांना जोडले की आपसांत भांडतात. पंखाच्या सर्वोच्या गिअरचे दात एकदा तुटले, कारण पहिला सर्वो मी स्वस्तातला घेतला होता. तो दोष माझा, लिहायला लाज नाही.

उतरण्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. जाताना, म्हणजे उभ्याचं आडवं होताना, हे विमान लोण्यासारखं वळतं. परत येताना ते तुमची परीक्षा घेतं. पंख वर उचललेला असताना त्यावरून हवा नीट वाहते ती प्रॉपच्या झोतामुळे. खाली यायचं म्हणून थ्रॉटल ओढला की झोत मंदावतो आणि पंख स्टॉल होतो, म्हणजे विमानाला उचलून धरेनासा होतो. टिल्ट-विंगची, म्हणजे पंख वळवणाऱ्या विमानांची, ही खोड फार जुनी आहे. व्हर्टोल व्हीझेड-२ ने १९५८ मध्ये पहिलं पूर्ण रूपांतर केलं, तेव्हापासून या जातीची विमानं तिच्याशी झगडतायत. मी सहाव्या उड्डाणात शहाणपणा करून उतरता उतरता पंख फिरवला. विमान मीटरभरावरून डाव्या कुशीवर पडलं, शेपटीचा एक मोटर-माउंट गेला. आता उंची राखून, किंचित चढतच पंख उभे करतो, आणि पूर्ण उभे झाल्यावरच खाली येतो. बॅटरी जास्त जाते, जाऊ दे. नासाच्या चमूनेही सुरुवातीची काही मॉडेलं ‘हार्ड लँडिंग’मध्ये गमावल्याचं सांगितलंय. त्यांनी अडीच किलोच्या आसपासच्या साध्या फोमपासून सुरुवात करून बारा नमुने बांधले. मी एकाच नमुन्यात बाराही चुका बसवल्या.

आणि हो, हायब्रिड. सोडून दिलं असं कुणी समजू नये. १० सीसीच्या पेट्रोल इंजिनाला ४०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला ४०० आरपीएम) ब्रशलेस मोटर उलट, जनरेटर म्हणून जोडली, तिच्या एसीचं डीसी करायला सहा डायोडचा रेक्टिफायर लावला. आठ हजार आरपीएमला वीसेक व्होल्ट निघाले, म्हणजे चार सेल चार्ज करायला हिशेबाने पुरेसे. गणितही चांगलं आहे: तरंगायला साडेआठशे वॉट लागतात ते बॅटरीने द्यायचे, आडवं उडायला पावणेदोनशे वॉट, ते इंजिनाने. हायब्रिडचा सगळा अर्थ हाच, की इंजिन सरासरीच्या मापाचं घ्यायचं आणि जोराचा क्षण बॅटरीवर सोडायचा. पण इंजिन, मोटर, टाकी, इग्निशन, धक्के शोषणारे रबर असं सगळं मिळून सव्वा किलोच्या पुढे गेलं. नाकापेक्षा मोती जड. शिवाय इंजिन चालू असलं की जायरोला (विमानाचं कलणं मोजणाऱ्या सेन्सरला) इतकी थरथर पोचते की विमान बाकावरच घाबरतं. तो सांगाडा सध्या टेबलाखाली आहे.

घेणाऱ्याला माझं सांगणं: आराखडा चांगला आहे, बांधा. ईएससी सुटे घ्या, प्रत्येकाची फर्मवेअर पंखात घालण्याआधी वाचा. आणि एकदा तरी शांत हवेत हे विमान आडवं होताना जवळून ऐका. दहा मोटरींचा गलका चाललेला असतो, मग आठ थांबतात आणि पाती एकामागून एक नॅसेलवर आपटतात, टक, टक, टक. मी अजून मोजतो. आठ ऐकू आल्या की मगच खांदे सैल होतात.

मेसेजच्या खाली ‘तुमची अडचण सुटली का?’ असं विचारून हो आणि नाही अशी दोन बटणं दिलीयत. सुटली, पण त्यांनी सोडवली नाही. त्यासाठी तिसरं बटण नाही. मेसेज तसाच ठेवलाय.