फिनलंडचा सरकारी बाळंतविडा

लेकीच्या बाळंतपणासाठी कराडहून फिनलंडमधल्या एस्पो शहरात जायला निघाले तेव्हा बॅगेत आठ झबली, चार कुंच्या, जुन्या सुती साड्यांची दुपटी, डिंक आणि अळीव होते. पोचले तर खोलीच्या कोपऱ्यात भला मोठा पुठ्ठ्याचा खोका. "आई, हा इकडचा बाळंतविडा. सरकार देतं," लेक म्हणाली.

बाळ यायच्या आधी त्याचे कपडे घरात आणू नयेत, असं आमच्याकडे पाळतात. मला धस्स झालं. दोन दिवस मी त्या खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग एकेक वस्तू काढून पाहिली.

हा खोका तिथे १९३८ पासून देतात. आधी फक्त गरीब घरच्या बायकांना मिळायचा, १९४९ पासून सगळ्यांना. त्यासाठी चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात तपासणी करून घ्यायची. खोका नको असेल तर १७० युरो मिळतात. पहिलं बाळ असेल तर मी म्हणेन, खोकाच घ्या.

आतलं कापड चांगलं आहे, शिवण कुठे टोचत नाही. अंगडी, पायमोजे, टोप्या, चादरी, धुऊन वापरायचे लंगोट, नखं कापायची छोटी कात्री, आणि बर्फात घालायचा जाड अंगभर सूट. बाहेर उणे १२ असताना त्या सुटात नात गाढ झोपायची. मापं मात्र आमच्या बाळाला मोठी पडली. जन्मली तेव्हा ती पावणेतीन किलोची, बाह्या हाताच्या खाली लोंबायच्या. पहिले तीन आठवडे माझी झबलीच कामी आली.

तळाशी गादी घातली की खोकाच बाळाचं अंथरूण. मी मोहरीची उशी नेली होती. बाळाला उताणंच निजवायचं आणि उशी अजिबात नको, असं तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं, म्हणून ती बॅगेतच राहिली. खोका जमिनीवर असल्यामुळे टाके असलेल्या बाईला वाकणं जड जातं. रात्री बाळ रडलं की जावईच उठून लेकीच्या हातात द्यायचे.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. आठव्या महिन्यात जावयांनी हे सगळे कपडे स्वतः धुऊन, घड्या घालून ठेवले होते. कुठली वस्तू कुठे आहे ते त्यांना पाठ, मलाच विचारावं लागायचं. खोक्यातला थर्मामीटर पाण्यात घालून ३७ अंश आले की ते अंघोळ घालायचे. मी कोपर बुडवून बघायची. पहिल्याच दिवशी दोन्ही जुळलं. तिथे २०२२ पासून आई-बाप दोघांनाही प्रत्येकी १६० दिवसांची भत्त्यासह रजा आहे, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. माझी लेक झाली तेव्हा मी वाईला माहेरी होते. आमचे हे बाराव्या दिवशी बारशाला आले, पाहुण्यासारखे जेवले आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले. त्यांना लेकीची माया फार होती, पण तेव्हा बाळ त्यांच्या हातात द्यावं असं कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा नाही. याचं मला आता वाईट वाटतं.

पण टाळूला तेल घालणारा, कंबर शेकणारा हात खोक्यातून येत नाही. शेजारच्या फिनिश मुलीचं बाळ असंच खोक्यातलं अंगडं घालून असायचं, घरात ती आणि नवरा, दोघंच. मी तिलाही अळीवाचे लाडू दिले, तिने डबा धुऊन परत केला आणि आणखी मागितले.

व्हिसाचे ९० दिवस कसे सरले कळलंच नाही. तिकडे कुणाची लेक-सून असेल तर खोका जरूर घ्यायला सांगा आणि सर्वांत लहान मापाची झबली इथून न्या. कुंच्या दोन पुरेत, घरात हीटर असतो.