नौपाड्यातल्या फोटो स्टुडिओत आईबाबांचं लग्न परत बघितलं

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक जुना फोटो स्टुडिओ आहे, कोडॅकचा पिवळा बोर्ड उन्हाने पार पांढरा पडलाय, मी रोज त्याच्यासमोरून स्टेशनला जाते आणि दरवेळी वाटायचं की हे दुकान अजून चालतंय कसं? पासपोर्टचा फोटो आता सेवा केंद्रातच काढतात, आधारचाही तिथेच, बाकी सगळं मोबाईलवर.

तर शेवटी मीच गेले, आईबाबांच्या लग्नाची 1991 ची व्हीएचएस कॅसेट घेऊन. इतकी वर्षं माळ्यावर, त्यात आपली ठाण्याची दमट हवा, टेपच्या कडेला पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बुरशी. आधी मॉलमधल्या एका चकाचक दुकानात विचारलं होतं, तिथल्या पोराने हातही न लावता "फेकून द्या मॅडम" सांगितलं.

इथे काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पाचही स्क्रू काढून कॅसेट उघडली आणि रीळ उजेडात धरून म्हणाले, "आधी वाळवायला लागेल हिला. आठ दिवस द्या." बुरशीवाल्या कॅसेटींसाठी त्यांच्याकडे एक व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवायचं मशीन, वेगळाच ठेवलाय, अगदी सोवळ्याओवळ्यासारखा, कारण तीच बुरशी मशीनच्या हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, दुसऱ्याच्या कॅसेटला लागते म्हणे. आणि कॉपी करायला शॉर्टकट नाही, तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास चालवायचीच.

मला भारी वाटली ती त्यांची हिंमत. 2013 मध्ये फोटो धुवायचं मोठं मशीन चालू होतं, गिऱ्हाईकही थोडंफार होतं, तेव्हाच काकांनी ते भंगारात दिलं. मुलगा महिनाभर बोलला नाही त्यांच्याशी. आणि त्या पैशात घेतलं काय, तर लोक टाकून देत होते ते जुने व्हीसीआर! अकरा घेतले, चालू चार, बाकी पार्टसाठी. तेव्हा सगळ्या गल्लीने वेड्यात काढलं असणार. पण 2016 ला जपानच्या फुनाईने व्हीसीआर बनवणं बंद केलं, ती शेवटची कंपनी होती, आणि काकांकडे आज अंधेरीपासून बदलापूरपर्यंतची माणसं कॅसेटी घेऊन येतात.

सगळेच डाव लागले असंही नाही हां. मध्ये मगवर फोटो छापायचं खूळ काढलेलं, ते साफ बसलं. ते हीट प्रेस अजून कोपऱ्यात आहे, त्यावर चहाचे कप ठेवतात.

बोर्ड ज्या कंपनीचा आहे तिचीच गंमत बघा. कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन नावाच्या इंजिनियरने 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता, एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. साहेब लोकांना आपल्या फिल्मच्या धंद्याची काळजी, तो कॅमेरा बाजारात आणलाच नाही. 2012 च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि तिकडे फिल्मच्याच धंद्यातली दुसरी कंपनी फुजी, फिल्म बनवताना कोलॅजेनवर केलेला अभ्यास वापरून चेहऱ्याची क्रीम विकायला लागली, लोक हसले असतील, पण टिकली ना! आपल्याकडे मात्र धंद्यात कोणी काही वेगळं केलं की पहिला प्रश्न, "चाललेलं कशाला मोडतोस?"

आता तक्रारी. आठ दिवस म्हणाले, लागले सतरा, फोन एकदाही आपणहून नाही. मंगलाष्टकं एकाच कानात ऐकू येतात, मधली चारेक मिनिटं नुसत्या रेघा. 600 रुपये एका कॅसेटचे, पेनड्राइव्ह आपला. रेघांच्या मिनिटांचं काकांनी आधीच सांगितलं होतं म्हणून भांडले नाही. पण आज्जी दिसली, नथ सावरत कुणावर तरी खेकसताना, आणि आईचा चेहरा बदामाच्या आकारात गोल गोल फिरताना. बाबा तो भाग तीनदा मागे घेऊन बघत होते.

पाचातले चार स्टार. जाणार असाल तर दुपारी एक ते साडेचार दुकान बंद असतं, झोपेच्या बाबतीत काका कसलीच रिस्क घेत नाहीत.