आठ महिने प्राइस मॅच आणि कूपनं: कॅनडातल्या मिसिसागामधल्या किराण्याचा माझा अनुभव

सप्टेंबर २०२४ पासून एप्रिल २०२५ पर्यंत आमच्या घरचा बहुतेक किराणा मी प्राइस मॅच आणि कूपनांवर भरला. घरात चार माणसं, त्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या, त्यामुळे भाजी आणि कणीक भरपूर लागायची. एका वहीत सगळं टिपून ठेवलंय. ७१ वेळा मी वस्तूचा भाव दुसऱ्या दुकानाच्या भावाशी जुळवून मागितला, ४८ वेळा मिळाला, २३ वेळा नाही. आठ महिन्यांत वाचले साधारण १६३ डॉलर. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ओळखीच्या बायकांशी बोलले तर प्रत्येकीचं दुकान वेगळं आणि तक्रार मात्र तीच.

भारतातून नुकतं आलेल्यांसाठी आधी थोडं सांगते. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते. वाणी त्यापेक्षा कमी घेईल, जास्त घेऊ शकत नाही, आणि भाव काय हे पोरालासुद्धा वाचता येतं. इथे पाकिटावर भाव नसतोच. भाव असतो शेल्फवरच्या पट्टीवर, आणि तो दर आठवड्याला बदलतो. आमच्या ओंटारिओ प्रांतात दुकानांची फ्लायर, म्हणजे त्या आठवड्याच्या भावांची जाहिरातपत्रकं, गुरुवारी सुरू होतात आणि बुधवारी संपतात. आज ६ डॉलरला असलेलं दही पुढच्या गुरुवारी ३.५० ला मिळेल आणि त्यानंतरच्या गुरुवारी परत ६ ला. प्रत्येक दुकानाचं वेगळं काहीतरी स्वस्त. सगळं स्वस्तात हवं असेल तर चार दुकानं फिरायची, किंवा एकाच दुकानात जाऊन दुसऱ्याचं फ्लायर दाखवायचं आणि म्हणायचं, हा भाव द्या. यालाच प्राइस मॅच म्हणतात. फ्लायर फोनवर दाखवलं तरी चालतं. फ्लिप नावाच्या ॲपवर आसपासच्या सगळ्या दुकानांची फ्लायर एकत्र दिसतात, आणि ते ॲप खरंच चांगलं आहे.

कल्पना उत्तम आहे, आणि पहिले दोन आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटले होते. २० पाउंडाची कणकेची पिशवी शेजारच्या दुकानाच्या भावात मिळाली, तब्बल ५ डॉलर कमी. सासूबाईंना फोटो काढून दाखवला. तिसऱ्या आठवड्यात फ्लॉवरचा प्रसंग घडला, आणि तिथून माझा सूर बदलला.

फ्लायरमध्ये फ्लॉवर होता १.९९ ला एक. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: अमेरिकेचा माल, नंबर १ ग्रेड. आमच्या दुकानात तोच ३.९९ ला. दोन गड्डे घेतले, रांगेत उभी राहिले, फोन दाखवला. कॅशियर मुलगी भली होती, पण म्हणाली, हा फ्लॉवर कुठल्या देशाचा आहे ते बघावं लागेल. गड्ड्यावर स्टिकर नव्हता. तिने घंटी वाजवून सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने आणखी एकाला भाजीच्या विभागात पाठवलं. माझ्यामागे पाच माणसं. एका बाईंच्या हातात फक्त दुधाच्या पिशव्या, त्या एकदा घड्याळाकडे बघायच्या आणि एकदा माझ्याकडे. सहा-सात मिनिटांनी तो मुलगा परत आला आणि म्हणाला, शेल्फवरच्या पाटीवर ‘अमेरिका किंवा मेक्सिको’ असं लिहिलंय. सुपरवायझरचं उत्तर: मग खात्री देता येत नाही, सॉरी.

पाटी दुकानाची, माल दुकानाचा, कुठून आला हे लिहायची जबाबदारी दुकानाची. ती त्यांनी नीट पार पाडली नाही म्हणून दोन डॉलर जादा मी द्यायचे. मी एक गड्डा परत दिला आणि एक ३.९९ ला घेतला, कारण घरी भाजी ठरलेली होती. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की हात थरथरतायत. पैशाचं एवढं वाटलं नाही. पाच अनोळखी माणसांसमोर आपण काहीतरी लबाडी करतोय अशा नजरेने आपल्याकडे पाहिलं गेलं, ते लागलं.

२३ नकारांमधले ८ असेच होते: ब्रँड, वजन किंवा देश तंतोतंत जुळत नाही. वजनाचं मी समजू शकते. ७५० ग्रॅमचं दही आणि ६५० ग्रॅमचं दही एक नाही, हे मान्य. पण हल्ली एकाच कंपनीचा डबा एका दुकानात एका मापाचा आणि दुसऱ्या दुकानात थोड्या वेगळ्या मापाचा असतो. मग प्राइस मॅच कधी होणारच नाही, आणि नियमावर बोटही ठेवता येणार नाही.

आणखी ६ वेळा उत्तर मिळालं, हे दुकान आमच्या यादीत नाही. आपल्या लोकांसाठी सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. देशी दुकानं आणि चिनी दुकानं यांची फ्लायर फ्लिपवर असतात. डाळी, कोथिंबीर, भेंडी, आलं, आंब्याच्या पेट्या यांचे भाव तिथेच चांगले असतात. पण मोठं दुकान त्यांना ‘स्पर्धक’ मानेल की नाही हे ठरवणार कोण? मी यादी मागितली. एका सुपरवायझरने सांगितलं, यादी ऑफिसात आहे, ग्राहकांना दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने सांगितलं, यादी अशी नाही, मॅनेजर ठरवतो. ऑक्टोबरमध्ये ज्या देशी दुकानाचा भेंडीचा भाव त्यांनी जुळवून दिला होता, त्याच दुकानाला नोव्हेंबरमध्ये नाही म्हणाले. दुकान तेच, काउंटरही तोच.

राहिलेले नकार पटकन सांगते. चार वेळा फ्लायरमधला भाव फक्त मेंबरसाठी होता, तो जुळवत नाहीत. तीन वेळा नगांची मर्यादा आडवी आली. दोन वेळा चूक माझी होती, मी बुधवारी संपलेलं फ्लायर गुरुवारी दाखवलं.

वजनावर मिळणाऱ्या भाजीत आणखी एक घोळ असतो. फ्लायरवर पाउंडाचा भाव ठसठशीत छापतात, काट्यावर आणि बिलावर किलो येतो. १.४९ डॉलर पाउंडाला म्हणजे ३.२८ डॉलर किलोला. कॅशियरने घाईत भलताच आकडा टाकला तर बिल फुगतं. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा मी तिथेच उभं राहून बिल वाचलं म्हणून सापडलं. बिल हातात आल्याबरोबर, दारातून बाहेर पडायच्या आत वाचा.

आता कूपनं. इथे कंपनीची कूपनं निराळी आणि दुकानाची निराळी. कंपनीच्या कूपनाचे पैसे दुकानाला कंपनीकडून परत मिळतात, म्हणजे त्यात दुकानाच्या खिशातून काही जात नाही. तरी कूपन पुढे केलं की कपाळाला आठ्या का पडतात, ते मला आजवर समजलेलं नाही. कूपनावर छापलेलं असतं, एका खरेदीला एकच कूपन. खरेदी म्हणजे एक वस्तू की अख्खं बिल? जानेवारीत मी धुण्याच्या साबणाच्या तीन बाटल्या घेतल्या आणि २-२ डॉलरची तीन कूपनं दिली. कॅशियरने एकच घेतलं. मी म्हटलं, तीन बाटल्या म्हणजे तीन खरेद्या. ती म्हणाली, बिल एक आहे. मी शांतपणे विचारलं, मग तीन बिलं करा. तिने केली! म्हणजे माल तोच, पैसे तेच, कूपनं तीच, फक्त कार्ड तीनदा टॅप केलं आणि नियम पाळला गेला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कॅशियरने तीन बिलं करायलाही नकार दिला.

कराचंही ध्यानात ठेवा. रोजच्या धान्य-भाजीवर इथे कर नाही, पण साबण, टूथपेस्ट, टिश्यू यांवर ओंटारिओत १३ टक्के आहे. कंपनीचं कूपन असेल तर कर पूर्ण किमतीवर लागतो, कूपन नंतर वजा होतं. ८.९९ च्या बाटलीवर २ डॉलरचं कूपन दिलं तरी कर १.१७ पडतो, ६.९९ वर पडला असता तर ९१ सेंट झाला असता. ही दुकानाची चूक नाही, सरकारी पद्धतच तशी आहे. मात्र घरी हिशेब जुळेना म्हणून मी दोन संध्याकाळी डोकं खाजवत बसले होते, तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहिलं.

प्राइस मॅच आणि कूपन एकाच वस्तूवर चालतं का? आमच्या दुकानात सप्टेंबरमध्ये चाललं, मार्चमध्ये नाही. नियम बदलला का, विचारलं, तर आधीपासून असाच आहे म्हणाले.

एक गोष्ट मात्र मनापासून कौतुकाची. इथल्या अनेक मोठ्या दुकानांनी स्कॅनर प्राइस ॲक्युरसी कोड नावाचा स्वेच्छेचा नियम २००२ पासून मान्य केलाय. शेल्फवर एक भाव आणि स्कॅन केल्यावर त्याहून जास्त भाव आला, तर १० डॉलरच्या आतली वस्तू फुकट द्यायची, त्यावरच्या वस्तूवर १० डॉलर सूट. त्याचा फलक दुकानात लावलेला असतो. फेब्रुवारीत टूथपेस्ट शेल्फवर ३.४९ होती, स्कॅनला ४.२९ आली. कॅशियरला हा नियम ठाऊक नव्हता. मी तिच्या मागच्या खांबावरचा फलक दाखवला. तिने वाचला, सुपरवायझरला हाक मारली, त्याने एकदा शेल्फ बघितला आणि टूथपेस्ट फुकट दिली. दोन मिनिटांत काम झालं, कोणाचा आवाज चढला नाही. मला ओशाळं वाटलं नाही आणि त्या मुलीलाही वाटलं नसावं. नियम चार ओळींत लिहून भिंतीवर लावला की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. प्राइस मॅचचा असा फलक का नाही? कुठली दुकानं चालतात, किती नग, मेंबरचा भाव चालतो की नाही, कूपन बरोबर चालतं की नाही, एवढंच लिहायचं आहे.

कोणी म्हणेल, दुकान स्वखुशीने सवलत देतंय, तर एवढा आग्रह कशाला. आग्रह अशासाठी की त्या सवलतीची जाहिरात करून आम्हाला दारात आणलं जातं. शिवाय इथला किराणा हा काही विश्वासावर सोडून देण्यासारखा राहिलेला नाही. ब्रेडच्या भावात कंपन्यांनी संगनमत केल्याचं प्रकरण देशभर गाजलं, कॅनडा ब्रेड कंपनीने गुन्हा कबूल केला आणि जून २०२३ मध्ये तिला ५ कोटी डॉलरचा दंड झाला. एवढं झाल्यावर बाई फोन पुढे करून दोन डॉलर कमी मागते, तर तिच्याकडे संशयाने बघायचा अधिकार कोणाला आहे? आणि दुकानांना ही योजना नकोशी असेल तर तसं सरळ सांगावं. वॉलमार्टने ऑक्टोबर २०२० मध्ये कॅनडातलं प्राइस मॅच बंद केलं. तेव्हा लोक चिडले, पण निदान काय ते कळलं.

आमच्या इमारतीत नागपूरकडच्या एक काकू राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. खरं तर ही योजना त्यांच्यासारख्यांसाठी हवी. त्यांच्याकडे साधा फोन आहे. इमारतीत पूर्वी कागदी फ्लायरचा गठ्ठा यायचा, तो आता येत नाही. मेंबरचे भाव ॲपवर, पॉइंटच्या ऑफर ॲपवर, त्यासुद्धा खरेदीच्या आधी एकेक दाबून चालू कराव्या लागतात, विसरलात तर गेल्या. एकदा काकू माझ्याबरोबर आल्या. त्यांच्या द्राक्षांचा भाव जुळवून मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, “राहू दे गं, मागे लोक खोळंबलेत.” एक डॉलर वीस सेंट जास्त देऊन त्यांनी द्राक्षं घेतली. त्या दिवशी घरी येऊन मी दुकानाच्या मुख्य कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं. वहीतल्या तारखा दिल्या आणि तीन मागण्या केल्या: स्पर्धक दुकानांची यादी भिंतीवर लावा, प्राइस मॅचसाठी कस्टमर सर्व्हिसचा काउंटर वेगळा ठेवा म्हणजे मागे रांग खोळंबणार नाही, आणि ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांना मेंबरचा भाव कार्डावर द्या. नऊ दिवसांनी उत्तर आलं. अभिप्रायाबद्दल आभार मानले होते, यादीबद्दल एक शब्द नव्हता. मी परत लिहिलंय.

माझं मत ५ पैकी २. कणीक, तेल, तूप, टिश्यू अशा बारकोडच्या, ठरलेल्या मापाच्या वस्तूंना प्राइस मॅच जरूर वापरा, पैसे वाचतात. भाजी-फळांना त्याच्या नादी लागू नका, सरळ देशी दुकानात जा. सेल्फ चेकआउटवर हे होत नाही, माणूस असलेल्या काउंटरलाच उभं राहावं लागतं, म्हणून शनिवार-रविवार टाळा. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास रांग नसते आणि फ्लायरमधला माल अजून संपलेला नसतो. मी आता तेव्हाच जाते. गुरुवारी रात्री काकू त्यांची यादी माझ्या दाराखालून सरकवतात, त्यांच्या चार वस्तू माझ्या फोनवर असतात, आणि बिल वेगळं करून मी त्यांना पावतीसकट देते.